नोकरी लागली, आता वही काढा: नाशकात नव्यानं रुजू झालेल्यांसाठी करिअरचा आराखडा

सातपूरला किंवा अंबडला पहिली नोकरी लागली की सुरुवातीचे तीन महिने कसे जातात ते कळत नाही. गेटपास, सेफ्टी शूज, बदलत्या शिफ्टची झोप, रूम पार्टनरचा स्वभाव, डब्याची सोय. मग एखाद्या रविवारी गावाकडून फोन येतो, मामा विचारतात, "पुढे काय ठरवलंस?" आणि आपल्याकडे उत्तर नसतं. हा लेख त्या उत्तरासाठी आहे.

मी निफाड तालुक्यातली. डिप्लोमा करून नाशकात आले, एका छोट्या कारखान्यात इन्स्पेक्शनला लागले, आणि आज सप्लायर क्वालिटीचं, म्हणजे पुरवठादारांच्या मालाच्या दर्जाचं, काम बघते. मधल्या अठरा वर्षांत नव्यानं लागलेल्या अनेक मुलामुलींसोबत बसून त्यांचे आराखडे करायला मदत केली. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. "पाच वर्षांनी मी कुठे असेन" इथून सुरू केलेला आराखडा महिनाभरात बाजूला पडतो. "कालच्या शिफ्टमध्ये मी काय केलं" इथून सुरू केलेला टिकतो. म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमानं दिल्या आहेत. उदाहरणं माझ्या ओळखीच्या कामातली, म्हणजे कारखान्यातली आहेत, पण बँकेत, दवाखान्यात किंवा द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये काम करणाऱ्यालाही पद्धत हीच लागू पडते.

पहिली पायरी: दोन आठवड्यांची नोंद

दोनशे पानी साधी वही घ्या. मोबाइलमध्ये लिहू नका, कारण बऱ्याच कारखान्यांत फोन गेटवरच जमा करावा लागतो आणि रूमवर पोचेपर्यंत निम्मं विसरलेलं असतं. वही बॅगेत ठेवा. शिफ्ट सुटल्यावर बसची वाट बघताना चार ओळी लिहा: आज मी स्वतःच्या हातानं काय केलं, कुठे अडलो, अडल्यावर कुणाला बोलावलं, आणि दुसऱ्याचं कोणतं काम बघून "हे मला यायला हवं" असं वाटलं.

हे फार साधं वाटतं. पण सगळ्यात जास्त उत्तरं इथेच मिळतात. सटाण्याकडचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. आयटीआय झालेला, व्हीएमसी मशीनवर (संगणकाच्या आज्ञांवर धातू कापणारं मशीन) ऑपरेटर. म्हणाला, "ताई, मला प्रोग्रामिंगचा क्लास लावायचाय, पंचवीस हजार फी आहे, लावू का?" मी म्हटलं, आधी बारा दिवसांची नोंद घेऊन ये. तो घेऊन आला. बहुतेक ओळी सारख्याच होत्या: माल लोड केला, सायकल स्टार्ट केलं, माप घेतलं, थोडा ऑफसेट (मापातली दुरुस्ती) दिला. पण त्या बारा दिवसांत त्यानं सेटरला, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याला, सात वेळा बोलावलं होतं, आणि त्यातल्या पाच वेळा कारण एकच: टूल तुटला किंवा बदलला, आणि नवीन टूलचा लेन्थ ऑफसेट घेता येत नव्हता, म्हणजे त्याची लांबी मोजून मशीनला देता येत नव्हती. एकदा तर सेटर दुसऱ्या मशीनवर अडकलेला असल्यामुळे चाळीस मिनिटं मशीन उभं होतं. त्याला आधी काय शिकायचं होतं ते त्याच्याच अक्षरात समोर होतं, आणि त्यासाठी पंचवीस हजार रुपये लागत नव्हते.

नोंदीत आकडे लिहायची सवय लावा. "रिजेक्शन कमी केलं" या वाक्याला मुलाखतीत वजन नसतं. "बोअर, म्हणजे आतलं भोक, ओव्हरसाइझ जात होता, दर पन्नास नगांनंतर टूलची पाती तपासायला लागलो, आठवड्याचं रिजेक्शन २२ नगांवरून ६ वर आलं" हे वाक्य ऐकून समोरचा मान वर करतो. असा आकडा त्याच दिवशी लिहिला तरच राहतो. वर्षानंतर अप्रायजलच्या आदल्या रात्री तो आठवत नाही.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगते. वहीत ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर, ड्रॉइंगवरची मापं उतरवू नका. ड्रॉइंगचा फोटो तर मुळीच काढू नका. ती कंपनीची आणि तिच्या ग्राहकाची मालमत्ता आहे. आपलं शिकणं आपलं असतं, ते आपल्या शब्दांत लिहायचं.

दुसरी पायरी: पुढची एकच पायरी ओळखा

प्रत्येक कामाला एक शिडी असते, पण नवख्याला तिच्या मधल्या पायऱ्या दिसत नाहीत. त्याला फक्त स्वतःची जागा दिसते आणि एकदम वरचा मॅनेजर दिसतो. मशीन शॉपमध्ये ऑपरेटर तयार सेटिंगवर माल काढतो. सेटर फिक्स्चर बांधतो, टूल लावतो, ऑफसेट घेतो आणि पहिला नग पास करून मशीन ऑपरेटरच्या ताब्यात देतो. प्रोग्रामर ड्रॉइंग वाचून मशीनला कोणत्या क्रमानं, कोणत्या टूलनं, किती फीडनं चालायचं ते ठरवतो. ऑपरेटरनं थेट प्रोग्रामिंगचा क्लास लावला तर कागदावर जी-कोड, म्हणजे मशीनला द्यायच्या आज्ञा, येतात, पण टूल कुठे आदळेल याचा अंदाज हाताला नसतो. मधली पायरी सोडलेल्या माणसाला मशीन द्यायला कुणी धजावत नाही.

माझ्या क्षेत्रातही असंच आहे. लाइन इन्स्पेक्टर व्हर्नियर आणि मायक्रोमीटरनं मापं घेतो. पुढे स्टँडर्ड रूम, म्हणजे अचूक मापांची खोली, आणि सीएमएम हे संगणकावर माप घेणारं मशीन येतं. त्याच्या पुढे कस्टमर क्वालिटी किंवा सप्लायर क्वालिटी, जिथे मापापेक्षा तक्रारीचं मूळ कारण शोधणं, ते लिहून मांडणं आणि समोरच्याला पटवणं हे जास्त लागतं. पहिल्या दोन पायऱ्यांवर डोळा आणि हात, तिसरीवर लिहिणं आणि बोलणं. हे मला सुरुवातीला कुणी सांगितलं असतं तर मी इंग्रजी ईमेल लिहायचा सराव चार वर्षं आधी सुरू केला असता.

आपली पुढची पायरी कोणती हे तपासायला नोकरीच्या जाहिराती वाचा. अर्ज करण्यासाठी नाही, शब्द मोजण्यासाठी. तुम्हाला हव्या असलेल्या पदाच्या वीस जाहिराती शोधा, केंद्र सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टलवर, लिंक्डइनवर, नोकरीच्या इतर साइटवर. वहीत दोन रकाने करा आणि प्रत्येक जाहिरातीत काय मागितलंय त्यापुढे रेघा ओढत जा. वीसपैकी पंधरा जणांनी मागितलेली गोष्ट तुमच्या आराखड्यात आलीच पाहिजे. दोघांनीच मागितलेली सध्या सोडा.

जाहिराती वाचताना नाशिकचा नकाशा डोक्यात ठेवा. सातपूर, अंबड, गोंदे आणि सिन्नर या पट्ट्यात वाहनांच्या सुट्या भागांचं काम मोठं आहे. तिथे आयएटीएफ १६९४९ हा दर्जाचा मानक आणि पीपीएपी (ग्राहकाकडून नवा भाग मंजूर करून घेणं), एफएमईए (चूक कुठे होऊ शकते ते आधीच शोधणं), एसपीसी (आकडेवारीनं प्रक्रियेवर नजर ठेवणं) हे शब्द सतत दिसतील. सातपूर-अंबडलाच इलेक्ट्रिकल आणि स्विचगिअरच्या कंपन्या आहेत, त्यांची भाषा थोडी वेगळी. ओझरला एचएएल आहे, जिथे आधी मिग, नंतर सुखोई-३० विमानं तयार झाली. विमानाच्या भागांचं काम करणारे कारखाने एएस ९१०० या विमान उद्योगाच्या दर्जाच्या मानकाबद्दल विचारतात आणि कागदपत्रांची शिस्त तिथे फार कडक असते. दिंडोरी, मोहाडी, पिंपळगाव, विंचूर या बाजूला द्राक्षं, फळप्रक्रिया आणि वाइन आहे. तिथे एचएसीसीपी (अन्नाच्या सुरक्षिततेची पद्धत), ग्लोबल गॅप (चांगल्या शेतीचं प्रमाणपत्र), कीटकनाशकांच्या अवशेषांची तपासणी हे शब्द येतात. सगळीकडे "क्वालिटी" असंच लिहिलेलं असतं, पण एका ठिकाणचा अनुभव दुसरीकडे जसाच्या तसा चालत नाही. म्हणून पहिल्या दोन वर्षांसाठी एकच बाजू निवडा.

मग पायरी एका वाक्यात लिहा, तारखेसह, आणि असं की ती झाली की नाही हे दुसऱ्या माणसाला बघून सांगता येईल. "मला चांगला सेटर व्हायचंय" हे तपासता येत नाही. सटाण्याच्या मुलानं लिहिलं: "पुढच्या दिवाळीपर्यंत एका मशीनचं पूर्ण सेटिंग मी सेटरदादांना न बोलावता करीन आणि पहिला नग क्वालिटीकडून पास होईल." असं हवं.

तिसरी पायरी: दोन माणसांशी बोला

वीस वर्षं पुढे असलेल्या साहेबांचा सल्ला ऐकावा, पण आराखड्यासाठी तीन ते पाच वर्षं पुढे असलेला माणूस जास्त उपयोगी. त्याला आजचे पगार, आजची मशीनं, आजच्या मुलाखतीतले प्रश्न ठाऊक असतात. असे दोघं शोधा, एक आपल्या कंपनीतला आणि एक बाहेरचा. बाहेरचा माणूस कॉलेजच्या ग्रुपमधून किंवा आयटीआयच्या सरांकडून मिळतो. निमा आणि आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटना आहेत, त्यांच्या कार्यक्रमांना आणि प्रदर्शनांना जाता आलं तर जरूर जा.

निरोप साधा लिहा: "दादा, मी अमुक बॅचचा. सध्या अंबडला ऑपरेटर आहे, सेटिंगकडे जायचंय. तुमची वीस मिनिटं मिळाली तर चार प्रश्न विचारायचे आहेत. तुमच्या सुट्टीच्या दिवशी तुम्ही म्हणाल तिथे येतो." नोकरी मागू नका. नोकरी मागितली की माणूस सावध होतो. काम कसं असतं हे विचारलं की तो चहा संपल्यावरही बोलत राहतो.

चार प्रश्न मी नेहमी हेच देते. या कामात रोजचे आठ तास कशात जातात? सगळ्यात कंटाळवाणा भाग कोणता? तुम्ही हे काम शिकलात ते नेमकं कुणाकडून आणि किती दिवसांत? आज माझ्या जागी असतात तर पहिले सहा महिने काय केलं असतं? दुसरा प्रश्न टाळू नका. आकर्षक वाटणाऱ्या पदाचा कंटाळवाणा भागच आपल्या वाट्याला जास्त येतो, आणि तो सोसवणार नसेल तर हे आत्ताच कळलेलं बरं. घरी आल्यावर उत्तरं त्याच वहीत उतरवा आणि दुसऱ्या दिवशी आभाराचा एक निरोप पाठवा.

चौथी पायरी: तासांचा हिशेब

आराखडे मोडतात ते बहुतेक इथे. इच्छा कमी पडते म्हणून नाही, हिशेब केलेला नसतो म्हणून.

समजा तुमच्या तीन शिफ्ट आळीपाळीनं येतात. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात दुपारी साडेतीन-चारला सुटका होते, तेव्हा अभ्यासाला पाच तास निघू शकतात. सेकंडच्या आठवड्यात सकाळचे तीन. नाइटच्या आठवड्यात शून्य धरा. नाइट करून आल्यावर पुस्तक उघडणारी मुलं मी पाहिली आहेत. आठवडाभरात अभ्यासही होत नाही, झोपही होत नाही, आणि मशीनवर हात ठेवताना डोळे मिटत असतील तर ते धोक्याचं आहे. म्हणजे तीन आठवड्यांत आठ तास. वर्षात अशा सतरा फेऱ्या, साधारण १३६ तास. त्यातून गणपती, दिवाळी, गावची जत्रा, घरातलं लग्न, एखादं आजारपण आणि ओटीचे दिवस वजा करा. हातात ११० तास उरतात.

आता हे ११० तास म्हणजे तुमची वर्षाची खरी पुंजी. सेटिंगचा सराव आणि जी-कोडची ओळख यात बसते. ड्रॉइंग वाचन आणि जीडी अँड टीची, म्हणजे ड्रॉइंगवरच्या आकार आणि जागेच्या सूट-चिन्हांची, पायाभरणी बसते. एक्सेल चांगलं येणं बसतं. या तिन्ही गोष्टी, वर स्पोकन इंग्लिश आणि स्पर्धा परीक्षा, हे मात्र बसत नाही. यादीतलं काय काढायचं हे ठरवताना त्रास होतो, पण तो त्रास कागदावर झालेला परवडतो.

ज्यांच्यावर घर आहे त्यांचा आकडा वेगळा असेल, आणि त्यात कमीपणा काही नाही. माझी मुलगी लहान होती तेव्हा माझ्याकडे आठवड्याला दोन तास होते. त्या वर्षी मी आराखड्यात एकच ओळ ठेवली: एक्सेलमध्ये पिव्होट टेबल आणि आलेख स्वतः करता येणं. तेवढंच केलं. पुढच्या वर्षी महिन्याचा क्वालिटी रिपोर्ट माझ्याकडे आला तो त्यामुळेच.

रूमवर गर्दी असेल तर अभ्यासिका शोधा. शहरात ठिकठिकाणी आहेत, आणि वाचनाची सवय लावायची असेल तर १८४० पासूनचं आपलं सार्वजनिक वाचनालय आहे.

पाचवी पायरी: शिक्षणाचा रस्ता आणि त्याची किंमत

आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड केलेल्यांना आपल्या राज्यात डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि डिप्लोमावाल्यांना इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. गुणांच्या अटी आणि तारखा तंत्रशिक्षण संचालनालयाच्या माहितीपुस्तिकेत दर वर्षी येतात, त्या तिथेच बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. हे शिक्षण बहुतेक ठिकाणी पूर्ण वेळ असतं, तेव्हा फीमध्ये बुडणारा पगारही मिळवा. वर्षाची फी चाळीस हजार आणि बुडणारा पगार दीड लाख असेल तर खरा खर्च एक लाख नव्वद हजार आहे.

नोकरी न सोडता पदवी हवी असेल तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय आपल्याच गंगापूर धरणाच्या वाटेवर आहे. १९८९ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ मुळात नोकरी करून शिकणाऱ्यांसाठीच आहे. सुपरवायझर होताना "कोणतीही पदवी" ही अट आडवी येते, तेव्हा तिथली बी.ए. किंवा बी.कॉम. उपयोगी पडते. पण एक धोका ओळखा. घरबसल्या इंजिनिअरिंगची पदवी देतो असं कुणी म्हणालं तर पैसे भरू नका. यूजीसी दूरशिक्षणानं इंजिनिअरिंगची पदवी मान्य करत नाही.

फुकट शिकायचं तर स्वयम् आणि एनपीटीईएलवर मॅन्युफॅक्चरिंग, क्वालिटी, मेकॅट्रॉनिक्सचे चार, आठ, बारा आठवड्यांचे अभ्यासक्रम आहेत. शिकायला पैसे लागत नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी असते. नुकतेच आयटीआय करून बाहेर पडलेल्यांनी अप्रेंटिसशिप कमी लेखू नये. स्टायपेंड पगारापेक्षा कमी दिसतो, पण मोठ्या कारखान्यातली एक वर्षाची शिस्त आणि शेवटी मिळणारं राष्ट्रीय प्रमाणपत्र पुढे बरीच वर्षं साथ देतं.

खासगी क्लासला पैसे भरण्यापूर्वी दोनच गोष्टी विचारा: एका मशीनमागे किती मुलं, आणि पूर्ण कोर्समध्ये माझ्या स्वतःच्या हाताला मशीनचे किती तास मिळतील? मग मशीन चालू असताना बघायला जा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात मिळालं नाही तर परत या.

सहावी पायरी: साहेबांशी बोलणं

वेळ निवडा. महिनाअखेरीला डिस्पॅचची घाई असते, तेव्हा कुणाच्याही केबिनमध्ये जाऊ नका. पहिल्या आठवड्यात, शिफ्ट सुरू होण्याआधी किंवा सुटल्यावर दहा मिनिटं मागा. पगारवाढ आणि शिकणं हे दोन विषय एका बैठकीत आणू नका. वही सोबत असू द्या.

"सर, गेल्या महिन्यात टूल बदलल्यावर मी सेटरदादांना नऊ वेळा बोलावलं. दर वेळी मशीन वीस-तीस मिनिटं उभं राहिलं. मला ऑफसेट घ्यायला शिकायचंय. आठवड्यातून दोनदा शिफ्ट सुटल्यावर अर्धा तास त्यांच्यासोबत थांबू का?" यात साहेबांचा फायदा आधी आहे, मागणी छोटी आहे, आणि नाही म्हणायला कारण शोधावं लागतं. सटाण्याच्या मुलाला त्याच दिवशी होकार मिळाला.

प्रत्येकाला मिळेलच असं नाही. माझ्या पहिल्या कंपनीत मी सीएमएम शिकायचं म्हटलं तेव्हा "तुझं काम लाइनवर माप घ्यायचं" असं उत्तर मिळालं. मी थांबले. चौदा महिने थांबले, कारण कधी विचारलं, काय उत्तर आलं, याची माझ्याकडे नोंद नव्हती, आणि प्रत्येक वेळी वाटायचं की आत्ताच तर विचारलंय. म्हणून तुम्ही तारीख लिहा. एकदा नकार मिळाला तर दोन-तीन महिन्यांनी नवीन आकडे घेऊन पुन्हा विचारा. दोनदा स्पष्ट नकार आला आणि कारणही दिलं नाही, तर बाहेर बघायला सुरुवात करा.

पुणे की नाशिक?

हा प्रश्न प्रत्येकाच्या आराखड्यात येतोच, म्हणून वेगळा घेते. समजा इथे हातात १८ हजार येतात आणि पुण्यात २४ हजार देतात. सहा हजारांची वाढ दिसते. आता दोन्हीकडचं भाडं, मेस, रोजचा प्रवास आणि महिन्यातून दोनदा घरी यायचा खर्च वहीत समोरासमोर लिहा. अनेकदा उरतात ते हजार-दीड हजार. तेवढ्यासाठी जाऊ नका. पण तिथे तुमची पुढची पायरी मिळत असेल, म्हणजे इथे ऑपरेटर आणि तिथे सेटर, इथे मायक्रोमीटर आणि तिथे सीएमएम, तर पैसे तेवढेच उरत असले तरी जा.

कंपनी बदला किंवा नका बदलू, काही कागद आजपासून एका फाइलमध्ये ठेवा: नेमणूकपत्र, प्रत्येक महिन्याची पगारपावती, ट्रेनिंगची प्रमाणपत्रं, सोडताना रिलीव्हिंग आणि अनुभवपत्र. कंत्राटदारामार्फत लागला असाल तर हे दुप्पट महत्त्वाचं. पीएफचा यूएएन क्रमांक नोकरी बदलली तरी एकच राहतो, तो नव्या कंपनीला द्या आणि उमंग अॅपवर पासबुक उघडून पैसे खरंच जमा होतात का ते बघत जा. नोकरी बदलताना पीएफ काढून मोबाइल घेण्याचा मोह फार जणांना होतो. ती रक्कम पुढच्या खात्यात वळवा. तीन महिन्यांचा खर्च बँकेत साठला की नको असलेली नोकरी सोडताना पाय डगमगत नाहीत.

सातवी पायरी: दर तीन महिन्यांनी अर्धा तास

आराखड्याच्या पानावर बसा आणि लिहा: ठरवलेल्या तासांपैकी किती झाले, कोणती गोष्ट आता कुणाला न विचारता येते, कोणती ओळ खोडायची आणि का. "का" लिहिल्याशिवाय खोडू नका. तास निम्मेच झाले असतील तर पुढच्या तिमाहीचा आकडाही निम्मा करा आणि यादी त्या मापाला कापा. दोन तिमाहींत एका ओळीला हातच लागला नसेल तर ती बहुधा दुसऱ्या कुणाची इच्छा आहे, मामांची, मित्राची, किंवा एखाद्या जाहिरातीची. ती काढून टाका.

सटाण्याच्या मुलाच्या दुसऱ्या तिमाहीत "टूल लेन्थ ऑफसेट" वर काट होती आणि बाजूला तारीख. खाली लिहिलं होतं, "वर्क ऑफसेट, फिक्स्चर बदलल्यावर." प्रोग्रामिंगच्या क्लासची ओळ त्यानं पुढच्या वर्षात सरकवली होती.

पुढच्या बैठकीची तारीख आत्ताच कॅलेंडरमध्ये टाका, आणि त्या आठवड्यात नाइट नाही ना, तेवढं शिफ्टच्या तक्त्यात बघून घ्या.